चांद्रयान स्वस्त होतं, म्हणजे नेमकं काय होतं?

आजच्या विषयाच्या पाटीवर 'कमी खर्चातल्या चांद्रमोहिमा' असं लिहिलं आहे. चंद्राबद्दल बोलूच, पण मला जास्त बोलायचं आहे ते 'कमी खर्च' या दोन शब्दांबद्दल. गेल्या दहा-बारा वर्षांत आपण हे शब्द पदकासारखे छातीवर लावून फिरतोय, आणि ते पदक कशासाठी मिळालं हे फारसं कुणी विचारत नाही. मी आज ते विचारणार आहे. काही जणांना राग येईल. शेवटी प्रश्नोत्तरं आहेत, राग तेव्हा काढा. (हशा)

आठवून बघा. 2014 साली मंगळयानाचा खर्च 450 कोटी रुपये होता आणि तो 'ग्रॅव्हिटी' या सिनेमापेक्षा कमी आहे, हे आपण सगळ्यांनी ऐकलं. त्याच वर्षी पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या भाषणात अहमदाबादच्या रिक्षाचा हिशेब मांडला होता: रिक्षाला किलोमीटरमागे दहा रुपये पडतात, मंगळाला सात. मग ऑगस्ट 2023 मध्ये चांद्रयान-3 उतरलं. खर्च 615 कोटी, आणि या वेळी सिनेमा होता 'इंटरस्टेलर'. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तो मजकूर आला असणार, चार वेगवेगळ्या काकांकडून.

या तुलनेतले आकडे खोटे नाहीत. पण तुलना कशाची कशाशी? सिनेमाचा खर्च बहुतेक त्या सिनेमापुरता असतो. यानाच्या मागे चाळीस-पन्नास वर्षांची पुंजी असते आणि ती त्या आकड्यात धरलेली नसते. जमीन आजोबांची, विहीर वडिलांनी खणलेली, मी फक्त भिंती उभ्या केल्या आणि पत्रे टाकले, तर 'माझं घर पाच लाखात झालं' असं मी म्हणू शकतो. ते खरंच असेल. पण त्यावरून शेजाऱ्याला हिणवायला गेलो तर तो विचारेल की विहीर कुणाची?

तर आपण विहीर बघू. 615 कोटी हा आकडा आला कुठून? जानेवारी 2020 मध्ये, म्हणजे उड्डाणाच्या साडेतीन वर्षं आधी, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी तो सांगितला होता: लँडर, रोव्हर आणि प्रोपल्शन मॉड्यूलसाठी 250 कोटी, प्रक्षेपणासाठी 365 कोटी. म्हणजे हा मुळात अंदाजाचा आकडा आहे. मधे कोविड येऊन गेला, चाचण्या वाढल्या, वेळापत्रक सरकलं, तरी तोच आकडा तसाच फिरत राहिला.

या आकड्यात काय नाही ते बघा. चांद्रयान-3 बरोबर स्वतंत्र ऑर्बिटर नव्हता. गरज नव्हती, कारण चांद्रयान-2 चा ऑर्बिटर 2019 पासून चंद्राभोवती फिरतच होता. उतरायची जागा निवडायला त्याच्याच कॅमेऱ्याची छायाचित्रं वापरली, आणि लँडरचे संदेश पोहोचवायला तोही होता. त्याचे पैसे चांद्रयान-2 च्या 978 कोटींत गेले. मग भारताला चंद्रावर उतरायला किती खर्च आला? मी तरी दोन्हींची बेरीज करतो, 1593 कोटी. त्यातला काही भाग ऑर्बिटरच्या स्वतःच्या विज्ञानाचा आहे, तो वजा करा हवं तर. तरीही जगाच्या मानाने रक्कम लहानच राहते. म्हणजे आपल्याला मान खाली घालायचं काहीच कारण नाही, आणि तरीही आपण लहानातला लहान आकडाच शोधून सांगतो. का?

आणखी मागे जा. एलव्हीएम-3 रॉकेटच्या मधल्या टप्प्याला विकास इंजिनं असतात. ती आपल्या इथे, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनतात. त्या इंजिनाचं मूळ फ्रान्सच्या वायकिंग इंजिनात आहे. 1970 च्या दशकात फ्रान्सशी करार झाला, इथले अभियंते तिकडे जाऊन काम करून आले, आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात तंत्रज्ञान आलं. ते श्रम 615 कोटींत नाहीत. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या अभियंत्याच्या पगाराच्या कितीतरी कमी पगारात इथे काम करणारी माणसं आहेत, तो फरक तर कुठल्याच रकान्यात दिसत नाही. आपण 'काटकसर' म्हणून ज्याचं कौतुक करतो त्याचा बराच मोठा भाग हा पगारातला फरक आहे. त्याला काटकसर म्हणावं का, हे तुम्ही ठरवा.

याच्या उलट एक प्रामाणिक हिशेब मला फार आवडतो. चांद्रयान-1, साल 2008. एकूण 386 कोटी. त्याची फोड अशी: उपकरणांसाठी 53 कोटी, यानासाठी 83 कोटी, पीएसएलव्ही रॉकेटसाठी 100 कोटी, विदा केंद्र वगैरेंसाठी 50 कोटी, आणि बंगळूरजवळ ब्यालालूला खोल अवकाशाशी बोलणारं केंद्र उभारायला 100 कोटी. बघा म्हणजे. चांद्रयानाच्या बिलात एक विहीर खणून घेतली होती. 32 मीटर व्यासाची ती अँटेना मग मंगळयानाला वापरली, चांद्रयान-2 ला वापरली, 3 ला वापरली. पुढच्या मोहिमा स्वस्त दिसल्या याचं एक कारण हेच, की पहिलीने भांडवली खर्च स्वतःच्या नावावर घेतला.

आणि त्या पहिल्या मोहिमेने काय दिलं? उपकरणं होती 11, त्यातली 6 परदेशी. पाहुणी उपकरणं न्यायची ही पद्धत मला स्वस्त मोहिमांमधली सर्वांत शहाणी पद्धत वाटते. नासाचं 'मून मिनरॉलॉजी मॅपर', ज्याला एम-3 म्हणतात, ते यातलंच. चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा आहेत हे त्याने दाखवलं. हा निकाल 24 सप्टेंबर 2009 ला जाहीर झाला. गंमत बघा, गंमत म्हणजे दुःखच, की यान त्याआधीच, 29 ऑगस्टला, गप्प झालं होतं. दोन वर्षांची मोहीम 312 दिवसांत संपली. यान अपेक्षेपेक्षा जास्त तापत होतं, म्हणून मे महिन्यातच कक्षा 100 किलोमीटरवरून 200 वर न्यावी लागली होती, आणि दिशा ओळखणारे तारा-संवेदक निकामी झाले होते. म्हणजे यान अर्ध्या वाटेत बंद पडलं आणि तरीही विज्ञानाच्या दृष्टीने ती मोहीम अजोड ठरली. दोन्ही खरं आहे. आपण फक्त दुसरं सांगतो.

आता जरा बाहेर जाऊ, कारण 'स्वस्त चंद्र' ही काही आपली एकट्याची कल्पना नाही.

1998 चं लूनर प्रॉस्पेक्टर. नासाची मोहीम, प्रक्षेपण धरून सुमारे 6 कोटी 30 लाख डॉलर. इंधनासह तीनशे किलोच्या आतलं यान. त्यावर आपल्या अर्थाने संगणकच नव्हता, सगळ्या आज्ञा जमिनीवरून जायच्या. यान स्थिर कसं ठेवायचं? भोवऱ्यासारखं स्वतःभोवती फिरवत ठेवायचं, मग ते आपोआप स्थिर राहतं. कॅमेरासुद्धा नव्हता! विचार करा, चंद्रावर जायचं आणि फोटो काढायचा नाही. आज कुठली संस्था हे धाडस करेल? (हशा)

पण त्याच्याकडे न्यूट्रॉन मोजायचं यंत्र होतं. चंद्राच्या मातीवर वैश्विक किरण आदळतात, त्यातून न्यूट्रॉन उडतात. आता गोट्यांचा खेळ आठवा. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर जवळजवळ त्याच वेगाने परत येते. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर आपटली तर तिचा वेग तिथेच सरतो. न्यूट्रॉनच्या वजनाची गोटी म्हणजे हायड्रोजनचा अणुगर्भ. जिथे हायड्रोजन जास्त, तिथून वेगवान न्यूट्रॉन कमी येणार. आणि हायड्रोजन म्हणजे बहुधा पाणी. चंद्राच्या दोन्ही ध्रुवांवर तशी कमतरता दिसली. आज सगळं जग दक्षिण ध्रुवाकडे धावतंय, त्यामागे हे बिनकॅमेऱ्याचं यान आहे.

ही मोहीम स्वस्त का जमली? कारण प्रश्न लहान होता. बरोबर कोण नेणार नाही, काय मोजणार नाही, हे आधी ठरलं होतं. स्वस्त मोहिमेचा खरा आराखडा म्हणजे काय काय सोडायचं याची यादी, असं माझं मत आहे.

दुसरं उदाहरण एलक्रॉसचं. 2009, खर्च 7 कोटी 90 लाख डॉलर. लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर चंद्राकडे निघाला होता, त्याच रॉकेटमध्ये जागा उरली होती. रॉकेटचा वरचा टप्पा काम झाल्यावर फेकूनच द्यायचा असतो. यांनी म्हटलं, फेकायचाच आहे तर चंद्रावर फेकू. दोन टनांहून जड असा तो रिकामा टप्पा 9 ऑक्टोबर 2009 ला कॅबियस या कायम अंधारातल्या विवरात आदळवला, आणि मागून येणाऱ्या छोट्या यानाने उडालेली धूळ तपासली. उपकरणं बरीचशी बाजारात मिळणारी, तपासून-पारखून घेतलेली. निघालेलं उत्तर: त्या मातीत वजनाने साधारण 5 ते 6 टक्के पाणी. आमच्या आईने शिळ्या पोळ्यांचा कुस्करा केला की आम्ही ताज्या पोळीपेक्षा आधी तो संपवायचो, तसं आहे हे. पण याच मोहिमेत ऑगस्टमध्ये एका संवेदकाच्या बिघाडामुळे यान उगाचच स्वतःला सावरत बसलं आणि जवळचं अर्ध्याहून जास्त इंधन उडवून बसलं. अगदी थोडक्यात वाचलं. ते वाचलं नसतं तर आज मी हे उदाहरण कौतुकाने दिलं नसतं. हेही लक्षात असू द्या: स्वस्त मोहिमांच्या कौतुकात जिवंत राहिलेल्यांचीच नावं असतात.

न वाचलेल्यांकडे येतो. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पैसा कुठे वाचवला आणि घाव कुठे बसला हे इथे स्पष्ट दिसतं.

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पॅराशूटचा उपयोग नाही. चांद्रयान-3 चा विक्रम तीस किलोमीटर उंचीवर सेकंदाला जवळजवळ 1.7 किलोमीटर वेगाने जात होता, तिथून पंधरा-वीस मिनिटांत, फक्त इंजिनांच्या जोरावर, तो शून्यावर आणायचा. आणि यानाला क्षणोक्षणी एक गोष्ट कळायला हवी, आपण जमिनीपासून किती उंच आहोत. एवढंच. आता गेल्या काही वर्षांतले अपघात बघा.

एप्रिल 2023, जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुटो-आर. एका विवराच्या उंच कड्यावरून जाताना खालची जमीन एकदम तीन किलोमीटर खोल गेली. रडारने ते बरोबर मोजलं. पण सॉफ्टवेअरला वाटलं, एवढा फरक म्हणजे रडारच बिघडलं, आणि त्याने रडारचं ऐकणं बंद केलं. जमिनीपासून पाच किलोमीटर उंचीवर असताना यानाला वाटत होतं आपण पोहोचलो. इंधन संपलं, ते कोसळलं. उतरायची जागा उशिरा बदलली होती आणि नव्या वाटेवरच्या प्रदेशाची नक्कल करून पुरेशा चाचण्या झाल्या नव्हत्या.

फेब्रुवारी 2024, अमेरिकेच्या इंट्युटिव्ह मशीन्सचं ओडिसियस. उंची मोजणाऱ्या लेसरचा सुरक्षेचा खटका उड्डाणाआधी काढायचा राहून गेला. म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण न काढता लग्नाला जावं तसं. चंद्राजवळ पोहोचल्यावर हे लक्षात आलं, कॅमेऱ्यांच्या अंदाजावर यान उतरवलं, ते जास्त वेगाने टेकलं आणि कलंडलं. तरी थोडी माहिती आली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कंपनीच्या अधिकाऱ्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं की जमिनीवर तो लेसर प्रत्यक्ष पेटवून बघणं शक्य होतं, पण ते वेळखाऊ आणि खर्चिक होतं, म्हणून तो धोका आम्ही पत्करला. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत प्रामाणिक कबुली आहे. कमी खर्च हा शब्द प्रत्यक्षात कसा दिसतो, तर असा: एक चाचणी, जी केली नाही.

मार्च 2025, त्याच कंपनीचं अथीना, पुन्हा उंची मोजण्यात गोंधळ, यान एका विवरात आडवं. जून 2025, आयस्पेसचं दुसरं यान, लेसरची मोजमापं उशिरा आली, वेग कमी झालाच नाही. चार अपघात, चारही वेळा उंचीचाच प्रश्न. आणि मार्च 2025 मध्येच फायरफ्लाय कंपनीचं ब्लू घोस्ट मारे क्रिसियममध्ये अलगद उतरलं, दहा उपकरणं घेऊन, आणि चौदा दिवस काम करून थोडं चंद्राच्या रात्रीतही जागलं. तेव्हा स्वस्तात होत नाही असं कुणी म्हणू नये. होतं.

हे सगळं नासाच्या सीएलपीएस नावाच्या योजनेभोवती चाललंय, त्याबद्दल माझं मत सांगतो. योजना 2018 ची. नासा यान विकत घेत नाही, टेम्पो भाड्याने सांगतो तसं माल पोहोचवायचं कंत्राट देते. यान कुणाचं, कसं बांधलं, ते कंपनीने बघायचं. त्या वेळचे विज्ञान विभागप्रमुख थॉमस झुरबुकेन फुटबॉलच्या भाषेत बोलायचे, गोलच्या दिशेने फटके मारत राहायचे, निम्मे चुकतील, चालेल. मार्च 2025 पर्यंत चार फटके झाले. एक गोल. दोन खांबाला लागून आडवे पडले. आणि पहिला, ॲस्ट्रोबोटिकचं पेरेग्रिन, चंद्रापर्यंत पोहोचलाच नाही, एका झडपेतून गळती झाली आणि यान परत येऊन पृथ्वीच्या वातावरणात जळालं. चार खेपांचं भाडं मिळून चाळीस कोटी डॉलरच्या आत आहे, त्यावरच्या उपकरणांचे पैसे वेगळे. खरं सांगायचं तर मला हा सौदा वाईट वाटत नाही.

मला खटकतात त्या दोन गोष्टी. पहिली, सुरुवातीच्या बोली खऱ्या नव्हत्याच. पेरेग्रिनचं कंत्राट 7 कोटी 95 लाखांचं होतं, ते 10 कोटी 80 लाखांवर गेलं. ओडिसियसचं 7 कोटी 70 लाखांवरून 11 कोटी 80 लाखांवर. ऑर्बिटबियॉंड नावाच्या कंपनीने कंत्राट मिळाल्यावर दोनच महिन्यांत अंग काढून घेतलं. तिचा लँडर बंगळूरच्या टीमइंडसचा असणार होता. मास्टन नावाची कंपनी तर दिवाळखोरीत गेली. स्वस्त बोली लावून काम मिळवायचं आणि मग रस्ता वाहून जायचा, हा प्रकार आपल्याला नवीन नाही, नगरपालिका सगळीकडे सारख्याच. (हशा)

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. निम्मे फटके चुकणार हे मान्य असेल, तर त्या टेम्पोत काय ठेवायचं? नासाने वायपर नावाचा रोव्हर बांधला, ध्रुवावर बर्फ शोधायला. त्यावर सुमारे 45 कोटी डॉलर खर्च झाले होते. म्हणजे घरातलं सगळ्यात महागडं सामान सगळ्यात स्वस्त टेम्पोत. जुलै 2024 मध्ये उशीर आणि वाढता खर्च ही कारणं देत नासाने ती मोहीमच रद्द केली. रोव्हर जोडून तयार होता! रद्द करून वाचणार होते 8 कोटी 40 लाख. शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो ब्लू ओरिजिनच्या लँडरवरून न्यायचं ठरलं. स्वस्त वाहन आणि महाग प्रवासी ही जोडी जमत नाही. निम्म्या खेपा बुडणार असतील तर उपकरणंही दोन-दोन बनवायला हवीत, लहान हवीत, एकीचं दुःख दुसरीने भरून काढता येईल अशी हवीत. ते झालं नाही.

लूनर ट्रेलब्लेझरचं तर मला खरंच वाईट वाटतं. चांद्रयान-1 वरच्या एम-3 चा वारस म्हणावा असं उपकरण त्यावर होतं, जोडीला ऑक्सफर्डचं दुसरं. चंद्रावरच्या पाण्याचा सविस्तर नकाशा करायचा होता. ही मोहीम नासाच्या 'डी' वर्गातली, म्हणजे धोका सर्वांत जास्त मान्य केलेली. 26 फेब्रुवारी 2025 ला अथीनाबरोबरच एकाच रॉकेटने निघाली. दुसऱ्या दिवशी संपर्क तुटला. सौर पट्ट्या सूर्याकडे नीट वळलेल्या नव्हत्या, बॅटऱ्या उतरल्या. पाच महिने प्रयत्न केले आणि 31 जुलैला मोहीम संपवली. ताळेबंदात हे 'मान्य केलेल्या धोक्यात' बसतं. पण धोका मान्य कुणी केला? कार्यालयात वर्ग ठरवणाऱ्याने. भोगला कुणी? ज्यांनी सात-आठ वर्षं त्या एका उपकरणाला दिली, ज्यांचे प्रबंध त्या विदेवर उभे राहणार होते, त्यांनी. पुन्हा तीच उपकरणं बांधून उडवायची तरतूद त्या स्वस्तपणात नव्हती. मी म्हणतो, धोका पत्करा, पण मग दुसरी प्रत तयार ठेवा. दुसरी प्रत नसेल तर त्याला जुगार म्हणतात.

1960 च्या दशकातली रेंजर यानं आठवा. पहिली सहा फसली. सहावं जानेवारी 1964 मध्ये, आणि सातवं त्याच वर्षी 31 जुलैला हजारो छायाचित्रं पाठवून चंद्रावर आदळलं. मधे सहा महिने. ती मोहीम काही स्वस्त नव्हती. पण वारंवारता कशाला म्हणतात ते त्यात आहे. आपला चांद्रयान-1 आणि 2 मधला काळ जवळजवळ 11 वर्षांचा. 2 आणि 3 मधला, कोविड धरून, 4 वर्षांचा. एवढ्या अंतराने जाणाऱ्याला 'स्वस्त' परवडत नाही, कारण प्रत्येक वेळी सगळं पणाला लागलेलं असतं.

आणि म्हणूनच चांद्रयान-3 चं खरं कौतुक मला वेगळ्या ठिकाणी करायचं आहे. त्या 250 कोटींत काय घेतलं ते बघा. हेलिकॉप्टरला टांगून संवेदकांच्या चाचण्या. क्रेनला लटकवून इंजिनं पेटवून चाचण्या. पायांच्या आदळण्याच्या चाचण्या. वेग मोजायला नवं लेसर उपकरण. पाचऐवजी चार इंजिनं, जास्त इंधन, मजबूत पाय, आणि उतरायची जागा 500 मीटर बाय 500 मीटरवरून वाढवून 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर. म्हणजे ओडिसियसने जिथे वाचवलं, बरोबर तिथे इस्रोने खर्च केला. ही गोष्ट शाळेशाळेत सांगायला हवी. आपण सांगतो काय, तर सिनेमा.

वाचवलं कुठे? वेळात वाचवलं. थेट जाण्याऐवजी पृथ्वीभोवती घिरट्या वाढवत वाढवत गेलो, 40 दिवस लागले. युरोपच्या स्मार्ट-1 ला तर आयन इंजिनाने वर्षाहून जास्त लागलं होतं. ही उत्तम बचत. दुसरी बचत आयुष्यात केली. चंद्राची रात्र आपल्या चौदा दिवसांची, तापमान शून्याखाली शंभराच्याही खूप खाली. चीनच्या चांग-ई यानांमध्ये किरणोत्सारी पदार्थाच्या छोट्या शेगड्या असतात, त्यांच्या उबेवर ती रात्री काढतात, वर्षानुवर्षं. विक्रमवर ती सोय नव्हती. प्रज्ञान शंभर मीटर चालला, 23 ठिकाणी मातीची रासायनिक तपासणी केली, विक्रमने जमिनीत दहा सेंटिमीटरपर्यंत तापमान मोजलं, आणि सप्टेंबरमध्ये जो झोपला तो उठला नाही. ठरलेलं काम त्याने केलं, तक्रार नाही. पण 615 कोटींचा आकडा सांगताना तो एका चांद्रदिवसाचा आकडा आहे, हे सोबत सांगावं.

शेवटचं, आणि यात मी इस्रोवर टीका करणार आहे. सप्टेंबर 2019 मध्ये विक्रम कोसळल्यावर दोन आठवड्यांत सांगितलं गेलं की मोहीम 98 टक्के यशस्वी झाली. लँडरचं काय झालं? संसदेत एका उत्तरात दोन-चार ओळी आल्या. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, यानाला झटपट वळता येत नव्हतं, हे सगळं सोमनाथ यांनी नीट उलगडून सांगितलं ते जुलै 2023 मध्ये, पुढचं यान निघायच्या तोंडावर. सविस्तर अहवाल लोकांसमोर आला नाही. आयस्पेस ही शेअर बाजारात असलेली कंपनी, तिने अपघाताचं कारण महिन्याभरात जगाला सांगितलं. अपयश हेच स्वस्त मोहिमांचं मुख्य उत्पन्न असतं, हो, उत्पन्नच, कारण त्यातून इतरांना शिकता येतं. ते कपाटात ठेवलं तर मोहीम तेवढी महाग झाली.

प्रश्न घेऊ. हां, मागे त्या ताई.

(प्रश्न: सर, आकडे सांगितलेच नाहीत तर सामान्य माणसाला अभिमान कसा वाटणार? आणि चांद्रयान-4 ला तर 2104 कोटी मंजूर झालेत. तेव्हा लोक विचारणारच ना, की 615 चं 2104 कसं झालं?)

अगदी बरोबर विचारलंत, आणि तुमच्या प्रश्नातच मला जी भीती वाटते ती आहे. चांद्रयान-4 ला माती घेऊन परत यायचंय. दोन प्रक्षेपणं आहेत, अवकाशात यानं जोडायची आहेत, चंद्रावरून उडायचं आहे, पृथ्वीच्या वातावरणात शिरताना कुपी जळू द्यायची नाही. यातलं काही काम 3 मध्ये नव्हतंच. पण आपण लोकांना सिनेमाच्या मापाची सवय लावली, त्यामुळे आता 2104 हा आकडा त्यांना उधळपट्टी वाटू शकतो. उद्या खर्च वाढला तर इस्रोवर दडपण येईल ते चाचण्या कापायचं.

आकडे जरूर सांगा, फक्त 2008 सारखे सांगा. 53, 83, 100, 100, 50. पाच ओळी आहेत, कुणालाही कळतात. 23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी विक्रमशी बोलणं चाललं होतं ते ब्यालालूहून, मदतीला नासाची आणि युरोपची केंद्रं होती. ती ब्यालालूची अँटेना त्या पाच ओळींतल्या एका शंभर कोटींची. चांद्रयान-3 च्या बिलात ती कुठेच नाही.

पुढचा प्रश्न.